दुसरा हात

“तात्या, तुमी जरा बाजूला व्हा. गाडीला दुसरा हात लावायचा हाय.”

नारबा शेलार असं म्हणाला आणि स्टँडवरची पन्नासेक माणसं तात्यांकडं वळली. पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजत होता. दगडूतात्या लोहार जीपमध्ये एक पाय टाकून उभे होते. त्यांनी नारबाकडं पाहिलं, आत टाकलेला पाय बाहेर घेतला, हातातला स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला आणि दोन पावलं मागं सरले.

“बरोबर हाय,” तात्या म्हणाले. “इसरलोच मी.”

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या श्रावणातली. कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आमचा हेळवाकचा स्टँड. तिथून माणसं भरून चिपळूणला ने-आण करणाऱ्या वडापच्या अकरा जीपगाड्या होत्या. नारबा त्यांतला सगळ्यात जुना ड्रायव्हर, त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. स्टँडचा एक नियम होता. कागदावर कुठं लिहिलेला नव्हता, पण अकराच्या अकरा गाड्या तो पाळायच्या. दुरुस्त केलेली गाडी आठ दिवसांच्या आत घाटात दगा देऊन माणसाला इजा झाली, तर ज्या मिस्त्रीनं ती केली त्यानं तिला शिवायचं नाही. दुसऱ्या मिस्त्रीनं ती सगळ्यांच्या देखत उघडायची आणि दोष कुठं आहे ते सांगायचं. याला दुसरा हात लावणं म्हणायचे. दोष मिस्त्रीच्या हाताचा निघाला, तर खंडेनवमीला हत्यारांची पूजा होईपर्यंत त्यानं स्टँडच्या गाडीवर काम करायचं नाही. घाटात एका बाजूला कडा आणि एका बाजूला दरी, तिथं असा नियम लागतोच.

वायरिंगचं काम करणारे मिस्त्री स्टँडवर दोनच होते. एक तात्या आणि दुसरा मी.

मी तात्यांच्याच हाताखाली नऊ वर्षं काढली होती. त्या पाडव्याला रस्त्याच्या पलीकडं माझी स्वतःची टपरी टाकली, तेव्हा नारळ तात्यांनीच फोडला. “समोर टाकलीस ते बरं केलंस, हाक मारली की ऐकू येईल,” असं म्हणाले. मनात काही किल्मिष असतं तर ते चेहऱ्यावर दिसलं असतं, कारण तात्यांचा चेहरा काही लपवायच्या कामाचा नव्हता. पण गिऱ्हाईक मोठं इरसाल असतं. माझ्या टपरीपुढं गाडी उभी करून ड्रायव्हर रस्ता ओलांडायचे आणि तात्यांना बोलवून आणायचे. चार महिने मी हे बघत होतो आणि आतल्या आत जळत होतो. त्यामुळं नारबानं “सर्जेराव, ये फुडं,” अशी हाक दिली तेव्हा मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. पण सांगतो, कारण लाज वाटण्यासारखी पहिली गोष्ट तीच आहे. मला आनंद झाला. गाडी अजून उघडलीसुद्धा नव्हती, बालवाडीच्या कुसुमबाईंचा पाय मोडलेला होता, आणि मला आनंद झाला होता.

गाडी आनंदा मोऱ्याची. सकाळी चिपळूणला जाताना घाटात तिचा वायपर बंद पडला.

“मंगळवारी तात्यांनी वायपर केला,” आनंदा सगळ्यांना सांगत होता. “आज शुक्रवार. तीन दिस झ्याक चालला. आज सोनपात्राचं वळण घेतलं आन् पाती मधीच हुबी ऱ्हायली. पाऊस तर असा की बोनेट दिसंना. उतरून काचंला तंबाखू चोळली. नारबांनी शिकवलंय तसं बटाटा चोळला. धा मिनटं निभलं, मग परत सगळं पांढरं. डोस्कं भाईर काढून चालवत हुतो. समोरनं ट्रक आला, म्या डावी मारली, तर कठड्यावर.”

पुढच्या सीटवर कुसुमबाई होत्या. डाव्या गुडघ्याखाली हाड मोडलं. दुधाच्या टेंपोतून त्यांना चिपळूणला दवाखान्यात नेलं होतं. कठडा दोन हात अलीकडं संपला असता तर चौदा माणसं दरीत होती, हे आनंदा सांगत नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मी अंगावरचं पोतं बाजूला ठेवलं आणि कामाला लागलो. पन्नास माणसं बघत असली की हात जरा जास्तच ऐटीत चालतात. आधी बॅटरीवरून दोन वायरी ओढून वायपरच्या मोटरला सरळ लावल्या. पाती झटक्यात फिरली. “मोटर चांगली हाय,” मी मोठ्यांदा म्हणालो. मग स्विच काढून टेस्ट लॅम्पचा बल्ब लावून पाहिला. स्विचमध्ये दोष नव्हता, पण त्याच्यापर्यंत लाइनच येत नव्हती. “म्हंजे वायरीत हाय,” नारबा म्हणाला. मी मान डोलावली. वायरीत म्हणजे तात्यांच्या हातात, कारण मंगळवारी तात्यांनी फ्यूजकडून स्विचकडं येणारी तुटलेली वायर जोडली होती. आता राहिलं होतं डॅशबोर्डच्या खाली शिरून ती जोडणी बघणं.

मी पाठीवर आडवा होऊन आत सरकलो. आत अंधार होता.

“बॅटरी धर रं कुणीतरी,” नारबा म्हणाला.

“मी धरतो,” तात्या म्हणाले. “हात लावायचा न्हाई, उजेड तर दावू का न्हवं?”

कुणी नको म्हणालं नाही. तात्या दाराशी वाकले आणि माझ्या खांद्यावरून आत उजेड पाडला. त्या उजेडात मी फ्यूजचा डबा उघडला.

वायपरच्या फ्यूजला चांदी गुंडाळलेली होती. सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद. ती मी गुंडाळली होती.

बुधवारी संध्याकाळी आनंदा माझ्याकडं टेप बसवून घ्यायला आला होता. गाणी लागली की वडापला माणसं आधी चढतात, आणि तात्या टेप बसवत नसत. टेपला खरं तर फ्यूजच्या डब्यातून वेगळी लाइन घ्यायची असते. त्याला अर्धा तास लागतो. आनंदाला घाई होती आणि मला टेपचा आवाज स्टँडवर ऐकवायची घाई होती. मी वायपरच्याच वायरीचं साल काढून तिच्यातून टेपची लाल वायर घेतली. दोन्ही एकदम चालू करून पाहिल्यावर फ्यूज उडाला. जवळ दुसरा फ्यूज नव्हता. आनंदाच्या पाकिटातली चांदी काढली, गुंडाळली आणि म्हणालो, “उद्या येऊन नवा बसवून घे.” तो आला नाही आणि मी विसरलो. फ्यूज जळतो तो गाडी वाचवायला जळतो, हे तात्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. चांदी जळत नाही. मग वायर जळते.

मी आत हात घातला. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. माझी लाल वायर जिथं जोडली होती, तिथं वायपरची वायर वितळून काळी पडली होती आणि तुटली होती. तिथून वीतभर पुढं तात्यांची जोडणी होती, काळ्या पट्टीखालून पांढरा दोरा डोकावणारी, जशीच्या तशी.

तात्यांची जोडणी साऱ्या घाटाला माहीत होती. दोन्ही वायरींचे तांब्याचे पदर ते फुलवून घ्यायचे, एकमेकांत घालायचे, अर्धे उजवीकडं पिळायचे, अर्धे डावीकडं. त्यावर मेण लावलेला सुती दोरा आवळायचा, आणि मग काळी चिकटपट्टी. त्याला ते गाठ म्हणायचे. गाडी भंगारात गेली तरी तात्यांची गाठ सुटत नाही, असं ड्रायव्हर म्हणत.

“काय दिसतंय?” नारबानं विचारलं.

“बघतोय,” मी म्हणालो.

“फ्यूज?”

“फ्यूज चांगला हाय.” असं म्हणत मी तो मुठीत घेतला आणि खिशातला दुसरा तिथं दाबला.

पहिली थाप अशी निघाली, जरासुद्धा विचार न करता. पुढचं मात्र मी विचार करून केलं. माझं नाव चार महिन्यांचं आहे, तात्यांचं तीस वर्षांचं, त्यांना हे पचेल. खंडेनवमीपर्यंत मी बसलो तर कायमचा बसलो, तात्या दसऱ्याला पुन्हा उभे राहतील. असा सगळा हिशोब मी तिथं पाठीवर पडल्या पडल्या मांडला. जळालेला तुकडा पक्कडीनं कापून खिशात घातला. दोन्ही टोकं जोडून त्यावर चिकटपट्टी मारली. आणि मग तात्यांच्या गाठीला हात घातला.

ती निघेना.

मी चिकटपट्टी काढली, नखानं दोरा कुरतडला, बोटांनी पीळ उलटा करून पाहिला. मग पक्कड लावून ओढली. तात्यांच्या हातातल्या बॅटरीचा उजेड माझ्या हातांवरच पडत होता. मी खांदा आडवा घेतला.

“दिसतंय का रं नीट?” तात्यांनी विचारलं. “उजेड जरा खाली घिऊ?”

“नको, ऱ्हाऊ द्या. बरोबर हाय.”

दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा ती सुटली. मी दोन्ही टोकं तशीच लोंबती ठेवून बाहेर सरकलो.

“गाठ सुटलीय,” मी म्हणालो.

कुणीतरी मागून विचारलं, “आन् टेप बसवलाय नव्हं परवा? त्याचं काय नसंल?”

आनंदानं माझ्याकडं पाहिलं. त्याला वायरिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

“टेपची लाइन सरळ बॅटरीवरनं घेतलीय,” मी म्हणालो. “त्येचा काय संबंध?”

“मग जळका वास कशाचा?”

“गाठ ढिली झाली की ठिणगी उडती. वास येनारच.”

आता सगळे तात्यांकडं बघत होते. तात्या पुढं झाले. “बघू,” म्हणाले. नारबानं मान हलवली तेव्हाच त्यांनी आत हात घातला. ती दोन टोकं त्यांनी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग अंगठ्यानं चाचपली. तुटलेला दोरा हाताला लागला तसा त्यांचा अंगठा थांबला.

“माझीच हाय,” ते म्हणाले. “दोरा माझाच हाय.”

मग ते स्टँडकडं वळून उभे राहिले आणि कुणी विचारलं नव्हतं ते सांगितलं. “गड्यांनो, मला सा म्हयनं झालं धड दिसत न्हाई. डोळ्यांत पडदा आलाय. मी कुणाला बोललो न्हाई. काम बंद पडंल म्हनून बोललो न्हाई. चूक माझी हाय. त्या बाईचा पाय माझ्या हातनं मोडला.”

मला त्यांच्या डोळ्यांचं ठाऊक होतं. टपरी टाकायच्या आधीचे दोन महिने बारीक स्क्रू मीच त्यांना उचलून देत होतो. म्हणून तर त्या उजेडात त्यांच्या नाकासमोर मी ते करू शकलो होतो.

मी वायपरची वायर नव्यानं जोडली, आनंदाला “आता बिनघोर जा” असं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून टेपची लाइन गुपचूप बदलून दिली. खिशातला जळका तुकडा कोयनेत टाकला.

तात्यांनी त्याच संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावल्या. दुसऱ्या दिवसापासून स्टँडच्या अकरा गाड्या माझ्याकडं यायला लागल्या. मला जे हवं होतं ते मिळालं. चार महिने रस्ता ओलांडून जाणारी माणसं आता “सर्जेराव मिस्त्री, सर्जेराव मिस्त्री” करत माझ्या फळीवर बसायची आणि तात्यांबद्दल हळहळायची. “म्हातारा भला हुता,” म्हणायची. म्हातारा समोरच्याच ओसरीवर बसलेला असायचा, मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलणं चालायचं. मी मान हलवायचो.

कुसुमबाई पायाला प्लास्टर घालून गावात आल्या. नवरा मुंबईला गिरणीत, घरी सासू अंथरुणाला खिळलेली, आणि बालवाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन महिने बालवाडी बंद पडली तर बाई बदलून टाकतील, असं ग्रामपंचायतीत बोलणं सुरू झालं. तात्यांच्या दुकानात बॅटऱ्या वाहायचा एक हातगाडा होता. एके दिवशी सकाळी तात्यांनी त्यावर फळी टाकली, फळीवर घोंगडं अंथरलं, कुसुमबाईंना त्यावर बसवलं आणि गाडा ढकलत बालवाडीकडं निघाले. रस्ता माझ्या टपरीवरूनच जायचा. पहिल्या दिवशी पोरांनी टाळ्या पिटल्या. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

कुसुमबाई मोठ्या धीराच्या. छत्री तात्यांच्या डोक्यावर धरायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, “तात्या, ह्या गाडीला वायपर न्हाई वो!”

“डायवर आंदळा हाय, वायपर काय कामाचा,” तात्या म्हणायचे.

दोघंही हसायचे. मी मान खाली घालून बॅटरीत पाणी भरत बसायचो. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, रविवार सोडून रोज. गाड्याचं एक चाक करकरायचं. त्याचा आवाज पुलापाशी आला की मी टपरीच्या मागच्या बाजूला जायला लागलो. एकदा दुपारी तात्यांनीच हाक मारली, “सर्ज्या, जरा वंगण दे रं चाकाला.” मी वंगण लावलं. खाली बसून चाकात बोट फिरवत होतो तर वर कुसुमबाई म्हणाल्या, “बरं झालं बाई त्या दिवशी तुमी हुता. न्हाईतर कळलंच नसतं कशानं झालं ते.” मी वर पाहिलं नाही. सांगायचं तर तीच वेळ होती, दोघंही समोर होते. पण अशा वेळा खूप येऊन गेल्या आणि प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगितलं, दसऱ्यानंतर बघू.

खंडेनवमीला तात्यांनी हत्यारं धुतली, झेंडू वाहिला, नारळ फोडला. स्टँडवरचे सगळे प्रसादाला गेले. नारबा म्हणाला, “तात्या, झालं आता. उद्यापास्नं उघडा.” तात्या नुसते हसले. दसऱ्याला दुकान उघडलं नाही. दिवाळीतही नाही. दिवाळीनंतर कराडला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं नारबानं त्यांना नेऊन दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करवून आणली. मला सुटल्यासारखं वाटलं. आता दिसायला लागलं म्हणजे दुकान उघडतील, अर्धी गिऱ्हाइकं परत जातील, माझी फेड होईल. इतक्या स्वस्तात मी सुटू बघत होतो.

मार्गशीर्षात एका सकाळी तात्या रस्ता ओलांडून माझ्या टपरीत आले. ऊन चांगलं पडलं होतं. डोळ्यांवर जाड भिंगाचा नवा चष्मा होता. टपरीत आम्ही दोघंच होतो, हे मला पक्कं आठवतं, कारण न सांगायला त्या दिवशी कुठलंच निमित्त नव्हतं.

“दिसतंय का आता?” मी विचारलं.

“लई झ्याक. तुझ्या पत्र्याला तीन भोकं हाईत, तिकडनंच मोजली.” तात्या फळीवर बसले आणि खिशातून वायरीचा एक तुकडा काढून माझ्यापुढं धरला. मधोमध गाठ होती, पांढऱ्या दोऱ्याची. “वड,” म्हणाले.

मी ओढला.

“तसं न्हाई. जोर लाव. पक्कड घे.”

मी पक्कड घेतली. ओढल्यासारखं केलं.

“सुटत न्हाई,” तात्या म्हणाले. “ही म्या आपरेशनच्या आदी बांधलेली हाय. निसतं चाचपून, डोळं मिटून. तिला पाच किलूचं माप आठ दिस टांगून ठेवलं हुतं. ढिम्म हलली न्हाई.”

कळलं यांना, असं मला वाटलं. आणि खरं सांगतो, भीतीबरोबर बरंही वाटलं. आता ते बोलतील, मला चार शिव्या घालतील, कानफटात मारतील, स्टँडवर ओढत नेतील. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. जाड भिंगांमागं डोळे मोठे दिसत होते. त्यात संशय नव्हता.

“मला इतके दिस वाटत हुतं, नजर गेली म्हनून चूक झाली,” तात्या म्हणाले. “पन ही बी नजर नसताना बांधलीय, आन् ही सुटत न्हाई. म्हंजे चूक नजरंची नव्हती. हाताचीच कायतरी हाय, आन् ती मला घावत न्हाई. चार म्हयनं झालं, रातीची झोप न्हाई. नारबा म्हनतोय दुकान उघडा. कसं उघडू? चूक काय ते कळल्याबिगर परत गाडीला हात लावला आन् परत कुनाचा पाय मोडला म्हंजे?” त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. “तू उघडून बघितलं हुतंस. तुला दिसलं असंल. लाजू नको, मी तुझा वस्ताद म्हनून गप बसू नको. कुठं चुकलो ते दाव मला.”

मी तो तुकडा हातात घेऊन बसलो. “तात्या, ती गाठ मी सोडली,” एवढंच म्हणायचं होतं. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात रस्त्यावरून आनंदाची जीप हॉर्न मारत गेली. त्यानं खिडकीतून मला हात केला आणि मी सवयीनं हात वर केला. हात खाली येईपर्यंत ते शब्द गेले होते.

“पदर,” मी म्हणालो.

“काय पदर?”

“तुमी अर्धे उजवीकडं पिळता, अर्धे डावीकडं. त्येनं गाठ आतून सैल ऱ्हाती. सगळे एकाच बाजूला पिळाय पायजेत.”

“पन वडून सुटत न्हाई की.”

“वडून कळत न्हाई ते. घाटात गाडी हादरती, तासन् तास हादरती. त्या हादऱ्यानं हळूहळू सुटती. आपल्या हातानं तसा हादरा बसत न्हाई.”

तात्यांनी तुकडा परत हातात घेतला आणि गाठ भिंगाजवळ नेली. माझं बोलणं धडधडीत खोटं होतं. सगळे पदर एका बाजूला पिळले की गाठ कच्ची राहते, हे शिकाऊ माणसालाही कळतं. मला वाटलं, आता तरी ते म्हणतील, “काय सांगतोस सर्ज्या?” पण ते म्हणाले नाहीत. ज्याला चूक शोधायचीच आहे, त्याला ती कुणीही दाखवावी.

“म्हंजे तीस वरसं उलटंच बांधत आलो,” ते सावकाश म्हणाले. “गाड्या चालल्या त्या नशिबानं म्हनायच्या.”

मी पक्कड खाली ठेवली.

“आन् तुला बी मी तसंच शिकवलं.”

“व्हय.”

“मग तुला ह्ये कुनी दावलं?”

“कुनी न्हाई. माझं मीच.”

तात्यांचा चेहरा उजळला. मी आधीच म्हटलं, तो लपवायच्या कामाचा नव्हता. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “शाबास. वस्तादाच्या फुडं गेलास. ह्येच पायजे.” नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून मी शाबास हा शब्द ऐकला नव्हता.

तात्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्या सकाळनंतर मी कितीदा तरी पुढची वाक्यं मनात जुळवली आणि प्रत्येक जुळणीत ते दारातून बाहेर पडायच्या आत मी त्यांचे पाय धरतो. तसं काही झालं नाही. त्यांनी माझ्याकडून नवीन वायर मागून घेतली, फळीवर मांडी घातली आणि पदर फुलवले. सवयीनं बोटं दोन्हीकडं जायला लागली की ते थांबायचे, स्वतःशीच “न्हाई, एका बाजूला” असं म्हणायचे आणि पुन्हा सुरू करायचे. एकसष्ट वर्षांचा माणूस. तीन वेळा बांधली, दोन वेळा स्वतःच सोडली. तिसरी माझ्यापुढं धरली.

“बघ, आता बरोबर हाय का?”

ती गाठ कच्ची होती. मी ती उलटसुलट करून पाहिली.

“बरोबर हाय, तात्या,” मी म्हणालो.

त्यांनी ती खिशात टाकली, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि टपरीच्या पायरीवर उन्हात थांबून चष्मा सारखा केला.

“कुसुमबाईंना सांगून येतो,” ते म्हणाले. “म्हनावं, चूक सापडली.”

आणि ते बालवाडीच्या वाटेला लागले.